शंभर स्टोनच्या आत

३ जून १९६८, सोमवार
रस्सीखेच संघाच्या आठही जणांना डेअरीच्या काट्यावर उभं केलं. काटा पोत्यांसाठीचा, नुसते पौंड दाखवतो. पण माणसाचं वजन स्टोनमध्ये सांगितल्याशिवाय आमच्या गावात कुणाच्या डोक्यात शिरत नाही! डिनी रोच काट्यावरूनच ओरडला, "कॉनीताई, एकशे एक्क्याऐंशी म्हणजे मी जगलो की मेलो?"
"बारा स्टोन तेरा. जगलास. बिअर सोड."
चौदा पौंडांचा एक स्टोन; चौदाचा पाढा मला झोपेतही येतो. आठ जणांची बेरीज १४२४ – म्हणजे एकशे एक स्टोन दहा पौंड. रस्सीखेचीचा नियम शंभर स्टोनचा, म्हणजे चौदाशे पौंड. वर एक पौंडही चालत नाही. जुलैच्या शेवटी अंतिम सामना, तोवर चोवीस पौंड उतरवायचे.
उतरवीन. बाबांनंतर संघाला मी शिकवणार म्हटल्यावर ज्यांनी नाकं मुरडली, तेच आज कोबी उकडायला किती वेळ लागतो ते विचारत होते!

४ जून
सगळ्यात मोठा हट्टी घरातच. मॅलकी – माझा नवरा, दोरीच्या शेवटाचा गडी. सतरा स्टोन तीन. म्हणतो, "बटाटे बंद केलेस तर दोरीही बंद." शेवटी तह झाला. घरी कोबी. दलदलीवर जळणाच्या मातीच्या विटा कापायला जाताना दुपारचा डबा मात्र पूर्वीसारखाच – पाव, बेकन, बटाटे.

१६ जून
डिनीने बातमी आणली – ग्लेनडाराचा फिंटन सरावाला येत नाही. गावभर कुजबुज.
फिंटन माझा सख्खा भाऊ. पंधरा स्टोनचा रेडा! तीन वर्षांपूर्वी आमची दोरी टाकून ग्लेनडाराच्या संघात गेला. बाबांनी शिकवलेल्या सगळ्या खुणा घेऊन गेला आणि त्याच उन्हाळ्यात आम्हाला हरवलं. त्या हिवाळ्यात बाबा गेले. स्मशानाच्या फाटकात मी त्याला सांगितलं, माझ्या उंबऱ्यात पाय टाकू नकोस. टाकलेला नाही.
"आजारी असेल," मॅलकी म्हणाला.
"नाटकं असतील," मी म्हटलं, आणि कोंबड्या कोंडायला गेले.

३० जून
मॅलकी २३१. सोळा स्टोन सात! बाकीच्या सातांनी मिळून सहा पौंड घालवले, याने एकट्याने दहा. तेही डबा रिकामा करून. माझा कोबी जिंदाबाद.
बेरीज शंभर स्टोन आठ.

२१ जुलै
१३९८!! नव्व्याण्णव स्टोन बारा. डिनीने मला उचलून काट्यावर ठेवलं आणि पौंड मोठ्याने वाचले. गाढव.
मॅलकी पंधरा स्टोन बारा. पँटला सुतळी बांधतो. डिनी त्याला म्हणे, "बायको जेवू घालत नाही, सांगून टाक." मॅलकी नुसता हसला.

२८ जुलै
जिंकलो. दोन्ही डाव. दुसऱ्यात ग्लेनडाराचे पाय असे घसरले की मैदानात नांगर फिरल्यासारखं झालं. घसा बसलाय माझा.
त्यांच्या शेवटाला कुणी नवखा होता. फिंटन नव्हताच. मी गर्दीत पाहिलं – सहज.

११ ऑगस्ट
स्पर्धा संपली, आता काय हवं ते खा, असं सगळ्यांना सांगितलं होतं. आज गंमत म्हणून वजनं केली. डिनी पाच पौंड वर. बाकीचेही फुगलेत.
मॅलकी २१७. पंधरा स्टोन सात.
अजून उतरतोय! माझ्या कोबीने एवढं उतरत नाही, हे मला कुणी सांगायला नको. आणि कोबी तर केव्हाच बंद केलाय.
"डॉक्टरकडे चल."
"मला काय धाड भरलीय?"
"तेच बघायचंय."
उठून गाढवाला पाणी पाजायला गेला. मला भीती वाटते आहे. लिहून ठेवते – भीती वाटते आहे.

१३ ऑगस्ट
दुपारी त्याच्या मागावर गेले. दलदलीवर नव्हता. त्याची गाढवगाडी पलीकडच्या टोकाला, ग्लेनडाराच्या हद्दीत, एका झोपडीपुढे उभी. दार उघडं. आत मॅलकी बेकनचे बारीक तुकडे करून कुणाच्या तरी ताटात टाकत होता. माझाच डबा. समोर खुर्चीत एक म्हातारा.
म्हातारा म्हणाला, "कॉनीला सांगू नकोस हं."
"रोज तेच. खा आधी."
आवाजावरून ओळखलं. चेहऱ्यावरून ओळखलं नसतं.
मी आत गेले. फिंटन उठायला गेला, जमेना, टेबल धरून राहिला. म्हणाला, "मी नाही आलो हं तुझ्या उंबऱ्यात. तू आलीस."
"गप्प बस. बटाटा थंड होतोय."

परतताना मॅलकीने सांगितलं. वसंतात फिंटनच्या छातीत पाणी झालं, दवाखान्यात होता. बाहेर आला तो असा. काम नाही, चूल पेटवायचंही त्राण नाही.
"अन् तू उपाशी! मला का नाही सांगितलंस?"
"फिंटनचं नाव काढलं की तू कोंबड्या कोंडतेस, कॉनी. भरदिवसासुद्धा."

१५ ऑगस्ट
फिंटनला गाडीत घालून घरी आणलं. वाटेत डेअरीच्या काट्यावर उभा केला, मॅलकीने काखेत हात देऊन चढवला. १३०. मी आकड्याकडे बघत राहिले. मला त्याचे स्टोन करायचेच नव्हते.
फिंटननेच केले. "नऊ स्टोन चार, कॉनी."