हेमंतहरित

अण्णा,

तुमच्या दुकानाचा एक नियम मी गेली तीन वर्षे रोज मोडतो आहे, हे सुरुवातीलाच नमूद करतो. "ज्याला वास कळत न्हाय, त्यानं बाटलीला हात लावायचा न्हाय," असे तुम्ही म्हणत असा. शुक्रवार पेठेतल्या त्या काष्ठौषधींच्या दुकानात तुम्ही सांधेदुखीचे तेल केवळ नाकाच्या प्रामाण्यावर सिद्ध केलेत. तिळाचे तेल, कापूर आणि निलगिरीच्या डोंगरांतून येणारा गंधपुऱ्याचा अर्क. मोजमाप हा तुमच्या लेखी घ्राणेंद्रियाचा अवमान होता. आपले घर त्या गंधाने असे भारलेले, की आत्याने परदेशाहून आणलेली त्याच स्वादाची गोळी आईने तोंडात टाकली आणि तत्काळ हातावर काढली. "गुडघा चघळल्यागत लागतंय," ती म्हणाली.

मी संस्कृतचा पदवीधर झालो, त्या वर्षी मला ‘गंधपुरा’ हे नाव ग्राम्य वाटू लागले. इंग्रजीत त्याला विंटरग्रीन म्हणतात हे वाचून, थंडीतही पान न टाकणाऱ्या त्या मानी झुडपाचे मी ‘हेमंतहरित’ असे नामकरण केले आणि तुम्हाला न विचारता लेबले छापून आणली. तो दिवस अजून डोळ्यांसमोर आहे: मागावर चादरी विणणारी अक्का, तुमची सर्वांत जुनी गिऱ्हाईक, बाटली उलटसुलट करून पाहते आहे. "हेमंत नि हरिताचं लगीन कधी हाय? आमाला पत्रिका न्हाय व्हय?" तुम्ही हसत नाही. तेल खांद्याला लावायचे असते, श्लोकाला नव्हे, एवढेच बोलता आणि मलाच बसवून प्रत्येक लेबलावर गंधपुऱ्याची चिठ्ठी चिकटवून घेता. त्या खळीचा आंबूस वास मला अजून आठवतो. आता वास केवळ आठवतातच.

तुमच्या माघारी, तीन वर्षांपूर्वीच्या तापात माझे घ्राणेंद्रिय निरोपसमारंभाशिवाय सेवानिवृत्त झाले. सर्व उपचार झाले, परिणाम शून्य. दुकान बंद करावे, असे तुमच्या सुनेने सुचवले. तुमचा नियम तिलाही मुखोद्गत आहे. मी बंद केले नाही. जे झुडूप हेमंतात पान टाकत नाही, त्याच्या जिवावर जगलेल्या माणसाने एका नाकापायी दुकानाच्या फळ्या लावाव्यात, हे मला अमान्य आहे. मी काचेची मोजनळी विकत आणली. होय, अण्णा, मोजनळी. तुमच्याच फळीवर ठेवली आहे.

परंतु माप कशाशी ताडायचे? अक्का आता मागावर बसत नाही, तरी तेलासाठी येते. तिला मी खरे सांगून टाकले. तिने हळहळ व्यक्त केली नाही. "तुझं नाक गेलं, माझं हाय की. आण हिकडं." सात वेळा माप बदलले, सात वेळा तिने नकारार्थी मान हलवली. आठव्या खेपेस तिने बाटली दोनदा नाकाशी धरली. मग म्हणाली, "आता अण्णा दुकानात आल्यागत वाटतंय."

ते माप मी भिंतीवर लिहिले, जिथे तुमचे पंचांग टांगलेले असे. नवी लेबलेही छापली: ठळक अक्षरांत हेमंतहरित, खाली बारीक गंधपुरा. अक्का म्हणाली, "लागलं म्हन की लगीन एकदाचं." या वेळी चिठ्ठ्या चिकटवून घ्यायला तुम्ही नाही.

हे पत्र जुन्या लेबलांच्या डब्यात राहील. तुमच्या हाती पडले असते तर व्याकरण सोडून सर्वच गोष्टींवर तुम्ही आक्षेप घेतला असता. एक मात्र इथेच कबूल करतो. माझी सारी भिस्त मापावर आहे, असे मी सर्वांना सांगतो. तरीही बूच लावण्याआधी प्रत्येक बाटली तुमच्यासारखीच नाकाशी नेतो, डोळे मिटतो आणि मान डोलावतो. काहीही येत नाही. मान मात्र डोलते.