शोभनाकाकूंचा डबा

गुरुवार, १७ जुलै २०२५

पोचलो एकदाचे! माझ्या कॅरी गावाहून डेन्व्हरपर्यंत विमान, पुढे सात तास ड्राइव्ह, आणि शेवटचा घाट असा की रुही गाणी बंद करून गुपचूप बसली. गाव म्हणजे एक रस्ता, एक गॅस स्टेशन आणि एक मोटेल. उद्या इथूनच आमचा डोंगरातला ट्रेक सुरू, रात्री वाटेतल्या हटमध्ये मुक्काम. गाडीतून उतरले तर नाकात लसणाच्या फोडणीचा वास! मोटेलवाले मराठी निघाले. अरुणकाका आणि शोभनाकाकू. त्यातही आमच्या नागपूरचे. कोलोरॅडोच्या डोंगरात वरणभात मिळेल असं कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

रुही माझी मावसबहीण. बावीस वर्षांची, इथेच अमेरिकेत, ट्रॉयमध्ये जन्मलेली. मराठी सगळं कळतं, उत्तरं इंग्लिशमध्ये देते. ही डायरी तिनेच मला दिली, म्हणाली सगळं लिही, तुला नाहीतरी सगळ्यात चुका काढायच्या असतात. खरंय. मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे, संशय घेणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. मावशीने फोनवर चारदा वदवून घेतलंय की रुहीला धड परत आणायची जबाबदारी माझी. मी शब्द दिलाय.

जेवताना काकूंनी रुहीचं वय विचारलं, लग्नाचं विचारलं, आणि मग सांगितलं की त्यांचा मुलगा शैलेंद्रही एवढाच आहे. वर लेकजवळ ट्रेकर्सच्या मुक्कामाची हट आहे, तिथे केअरटेकर असतो. एकटाच असतो बिचारा, त्याला सोबत हवी. मी टेबलाखालून रुहीला पाय मारला. मुलगी बघायचा कार्यक्रम चाललाय हे न कळायला मी काय कुक्कुलं बाळ आहे? पाठोपाठ बेसनाच्या लाडवांचा स्टीलचा डबा आला. शैलेंद्रला द्या, आणि येताना डबा तेवढा परत आणा. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी माणसाला कुणाचं पार्सल नाही म्हणता येत नाही. रुहीने दोन्ही हातांनी घेतला.

काउंटरमागे काचेचं कपाट आहे. त्यात अंगठ्या, एक घड्याळ, एक चष्मा, एकच कानातलं, सगळं लख्ख पुसलेलं. काकू म्हणाल्या, लोक विसरून जातात. मी विचारलं, मग कुरियर का नाही करत? त्या म्हणाल्या, कुणी मागतच नाही.

शुक्रवार, १८ जुलै

पहाटे साडेपाचला निघालो, कारण दुपारी खिंडीत विजा पडतात. बारा हजार फुटांवर दहा पावलं टाकली की श्वास संपतो. रुही पिवळ्या जॅकेटमध्ये पुढे, डबा तिच्या सॅकमध्ये. खिंडीच्या वर उभं राहिलो तेव्हा पलीकडे डोंगरच डोंगर. रुही आनंदाने ओरडली. मला रडू आलं, उगाच.

दुपारपर्यंत पहिल्या हटवर. इथे डेबी नावाच्या सत्तरीच्या बाई सांभाळायला असतात. त्यांनी सूप दिलं आणि पुढचा बेत विचारला. मी शैलेंद्रचं सांगितलं तर त्यांच्या हातातला चमचा तसाच राहिला. म्हणाल्या, लेकच्या हटवर केअरटेकर नाही. होता एक इंडियन मुलगा, आठ हिवाळ्यांपूर्वी कोसळलेल्या बर्फाच्या कड्याखाली गाडला गेला. तेव्हापासून तिथे नुसत्या चार भिंती आहेत.

म्हणजे काकू खोटं बोलल्या. मी रुहीला म्हटलं, डबा इथेच ठेवू. रुही म्हणाली की त्या आई आहेत, त्यांना ते मान्य होत नसेल, आणि तिने प्रॉमिस केलंय.

पण मी टेस्टर. हटचं रजिस्टर चाळलं. दर जुलैला आपली मराठी आडनावं: साठे, दोघे. गोडबोले, दोघे. वानखडे, दोघे. लेककडे जाताना दोघे आणि परतीच्या नोंदीत त्याच आडनावापुढे एक. मी डेबीबाईंना विचारलं, दुसऱ्याचं काय झालं? त्या म्हणाल्या, मला दुसरं कुणी आठवतच नाही. परतणारी माणसं अगदी मजेत असतात.

दुसऱ्या वाटेने उतरले असतील. असतीलच ना?

शनिवार, १९ जुलै

मी परत फिरायचं म्हटलं. रुही ऐकेना. भांडण झालं, शेवटी मी गेले, कारण तिला एकटीला पाठवणार नव्हते.

दुसरी खिंड पहिलीहून उंच. खाली लेक, हिरवंगार पाणी, काठाला अजून बर्फ. हट रिकामी. झोपायच्या बंकवर धूळ. चुलीपाशी मात्र झाडलेलं.

रुहीने डबा पायरीवर ठेवला आणि खाली चिठ्ठी: “शैलेंद्र, आईने लाडू पाठवला. रुही.” तिचं मोडकं मराठी. मला हसू यायला हवं होतं. नाव कशाला लिहिलंस म्हणून मी तिच्यावर खेकसले.

उंचीने तिची बोटं सुजली. मावशीने ग्रॅज्युएशनला दिलेली अंगठी साबण लावून काढली आणि सांभाळायला माझ्याकडे दिली. घरी परत जाताना सगळ्यात आधी हीच मागेन म्हणाली.

रविवार, २० जुलै, सकाळ

डबा पायरीवर. रिकामा. घासलेला, पुसलेला, झाकण शेजारी. चिठ्ठी नाही.

अस्वल डबा घासत नाही. गवतावर दंव पडलंय, त्यावर एकही पाऊल नाही.

पाच मिनिटांत आवरलं. डबा उचलला आणि हाताने आपोआप तेच केलं जे आईने लहानपणापासून शिकवलंय: कुणाचा डबा रिकामा परत द्यायचा नाही. साखर नव्हती, फळ नव्हतं. खिशात रुहीची अंगठी होती. म्हटलं, हरवणारही नाही. आत टाकली, झाकण लावलं.

निघतोय. रुही मागून येतेय.

दुपार, खिंडीत

मागे पावलं वाजतात. वळले की दिसते. पिवळं. जरा लांब. हाक मारली तर उत्तर मराठीत आलं, “येते गं, तू हो पुढे.” रुही कधी मराठीत उत्तर देते?

तिच्या मागे आणखी कुणीतरी चालतंय.

तिच्या जॅकेटचा रंग आठवेना, म्हणून वर वाचला—

संध्याकाळ, पहिली हट

आज एकटीने दुसरी खिंड पार केली. भारी वाटतंय! सूप छान होतं. डेबीबाई माझ्याकडे बघत होत्या. रजिस्टरमध्ये सही केली: एक.

सॅकमध्ये दोन टूथब्रश का आहेत?

जेवणानंतर

वरची पानं वाचली. अक्षर माझं आहे.

रुही. रुही. रुही. मावसबहीण, बावीस, ट्रॉय, पिवळं जॅकेट. चेहरा येत नाही. डेबीबाईंना मागे चला म्हटलं. त्यांनी विचारलं, कुणाला शोधायला? मी, मीच, माझ्या हाताने तिची अंगठी— डब्यात—

सोमवार, २१ जुलै

मोटेलवर. एवढी छान ट्रिप कधी झाली नव्हती.

नाही. वाच. वरचं वाच.

काकूंनी डबा उघडला. म्हणाल्या, किती रीतीची मुलगी आहेस. अंगठी पदराने पुसून कपाटात ठेवली. चष्म्याशेजारी. काकांनी माझ्याकडे बघितलंच नाही. काकू म्हणाल्या, पोराला आता बरं वाटेल.

फोन वाजला. मावशी. मी रडत सुटले, मावशी माफ कर, रुहीला मी— मावशी म्हणाली, कोण गं रुही? एकटी गेलीस म्हणून जीव टांगणीला लागला होता माझा.

तिची आई. तिलाच—

कुणी मागत नाही ते यामुळे. मी मागणार. आत्ता काउंटरवर जाऊन अंगठी मागणार, आणि ती घेऊन परत वर जाणार. शब्द दिलाय. काकू विचारतील कुणाची अंगठी, तर सांगायचं, माझ्या मावसबहिणीची. नाव विचारतील. नाव वर लिहिलंय, आत्ता तर वाचलं, तिचं नाव—