हो, मीच बोलतेय

२ तारीख, सोमवार

आले बाई एकदाची. धाकटीचं घर दोनच खोल्यांचं, पण उजेड भरपूर. तिनं मला खिडकीपाशची खाट दिली आणि वर ही डायरी. म्हणाली, ताई, दिवसभर लोकांवर खेकसतेस, त्यातलं थोडं यात खेकसत जा. चौथीत शाळा सोडलेल्या बाईला डायरी! पण पानं कोरी करकरीत आहेत, वाया कशाला घालवायची.

तिची पोरगी बबडी, पाच वर्षांची, सारखी आईच्या मांडीवर. धाकटीचा आवाज म्हणजे खडीसाखर. ती गोष्ट सांगायला लागली की पोर न बोलता ताट संपवते. माझा आवाज फाटक्या पत्र्याचा. बबडीनं मला ऐकलं आणि दोन्ही कानांवर हात ठेवले. हसून हसून मुरकुंडी वळली आमची.

कामही लागलं. फोन कंपनीचं जुनं नेटवर्क तीस तारखेला संध्याकाळी बंद होणार. तोवर जुन्या फोनवाल्यांना नव्यावर आणायचं. माझं टेबल दाराजवळ. जुना फोन घ्यायचा, पोत्यात टाकायचा, नव्या फोनात नवं सिम घालायचं, मग एक चाचणीचा कॉल. यंत्रातली बाई विचारते, आपणच बोलत आहात का? गिऱ्हाइकानं म्हणायचं, हो, मीच बोलतेय. झालं. हे ज्याचं त्यानंच म्हणायचं, असं साहेबांनी परत परत बजावलं. बरं बाबा, म्हटलं, कान आहेत मला.

५ तारीख, गुरुवार

काय ती गर्दी! म्हाताऱ्यांना यंत्रातली बाई ऐकूच येत नाही. कोण, कोण करत बसतात, ती फोन ठेवून देते, की पुन्हा पहिल्यापासून. मागची रांग माझ्या नावानं बोटं मोडते. कोपऱ्यावरचे शिंपीकाका तर नवा फोन माझ्या हातात कोंबून, दुकानात गिऱ्हाईक आलंय म्हणत पळाले. मी काय त्यांची वाट बघत म्हातारी होऊ? मीच म्हणून टाकलं, हो, मीच बोलतेय. यंत्रातल्या बाईला पुरुष काय नि बाई काय! धन्यवाद म्हणाली उलट. मग काय, जो जो अडखळला त्याचं मीच उरकलं. साहेब खूष. एवढी लांब रांग कुणी इतक्यात संपवली नाही म्हणे.

घरी धाकटीचंही करून टाकलं. ती बबडीला न्हाऊ घालत होती, तिला कशाला उठवा. तिचा जुना फोन उद्या पोत्यात टाकीन. माझा स्वतःचा डबडा तेवढा राहिलाय. बघू सावकाश.

१० तारीख, मंगळवार

घसा बसलाय. शिंपीकाकांची बायको तणतणत आली. नवऱ्याला फोन लावला की कुणी बाई उचलते आणि वर खेकसते म्हणे. कोण ती भवानी, सांगा. मी म्हटलं, मला काय विचारता, नवऱ्याला विचारा. सगळी रांग हसली. ती नाही हसली. माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

१३ तारीख, शुक्रवार

उसवलेली पिशवी घेऊन शिंपीकाकांकडे गेले. मशीनवर मान घालून बसले होते. कधी मिळेल विचारलं. मान वर न करता म्हणाले, काय आहे? लवकर बोला.

माझा आवाज.

ओठ काकांचे, मिशी काकांची, आवाज माझा. त्यांनी पटकन तोंडावर हात दाबला. डोळे पाण्यानं भरले होते. पिशवी तिथंच टाकून आले.

१४ तारीख, शनिवार

धाकटी दोन दिवस गप्पच होती. घसा धरलाय, असं कागदावर लिहून दाखवायची. आज बबडी खाटेखाली जाऊन बसली. बाहेर ये, म्हणून धाकटीनं हाक मारली. ती माझ्या आवाजात. पोर किंचाळली, माझी आई कुठंय? आणि धाकटीनं हात उगारला. तिनं जन्मात कधी हात उगारला नव्हता.

आवाज एकटा गेला नाही. माझी चिडचीडही घेऊन गेला.

कशानं झालं ते तिला सांगितलं नाही मी. कोणत्या तोंडानं सांगू.

२० तारीख, शुक्रवार

साहेबांना सांगितलं. कुजबुजतच. घसा दुखतोय तर रजा घ्या, म्हणाले. नोंद नीट झाली नाही एवढंच सांगून धाकटीला नेलं, पुन्हा कॉल लावला. ती म्हणाली, हो, मीच — माझ्याच आवाजात. यंत्रातली बाई म्हणाली, आपली नोंद आधीच झाली आहे.

येताना बाजारात भांडण चाललेलं. दोन पुरुष, एक बाई. तिघंही मी.

२७ तारीख, शुक्रवार

पोतं उपसलं. धाकटीचा जुना फोन — दिवा अजून जिवंत. कानाला लावला.

ती गोष्ट सांगत होती. तिचा खरा आवाज. अर्धी सांगायची, थांबायची. बबडे, ऐकतेस ना? मग पुन्हा पहिल्यापासून.

हाक मारली मी. नुसता वारा निघाला घशातून. तिला ऐकू गेलं नाही.

तीस तारखेला हे पोतं गार पडणार.

२९ तारीख, रविवार

शिंपीकाकांवर करून बघितलं. त्यांचा जुना फोन नव्याच्या तोंडाशी धरला. कॉल लावला. बाईनं विचारलं. काकांची बायको जुन्या फोनात ओरडली, अहो, हो म्हणा की आता! आतून काका — हो, मीच बोलतोय.

बाकावरचे काका रडले. स्वतःच्या आवाजात. बायको म्हणे, पुरे, घरी चला, मग बघते तुमच्याकडे.

म्हणजे होतं. उद्या धाकटी.

बाकीचे कोण कोण — आठवत नाही. तोंडं बघितलीच नव्हती मी कुणाची.

३० तारीख, सोमवार

झालं. बबडीनं फोनात हाक मारली, आई, हो म्हण. धाकटीनं म्हटलं. पोर गळ्यातच पडली तिच्या. खडीसाखर परत आली. मुळात कशानं गेली होती ते मात्र अजून सांगितलं नाही तिला.

टेबलापासून लांब, भिंतीकडच्या बाकावर बसलेय. शेवटचा दिवस, तोबा गर्दी. पोत्यात दिवे लुकलुकतायत. थोडाच वेळ राहिलाय. माझा आवाज नाही आला. बाकीच्यांकडे असेल. राहू दे. पोर हसतेय —

धाकटी टेबलाशी काय करतेय? हातात माझा राहिलेला डबडा. सिम काढलं. हसते इकडे बघून. ताई, बंद व्हायच्या आत तुझंही उरकते म्हणे. तुला कुठं बोलवतंय, तुझ्या वतीनं मीच —

नको

निघत नाही घशातून. मधे ही रांग. कुणी सरकत नाही. लवकर उरका, लवकर उरका म्हणतायत सगळे — माझ्या आवाजात —

डायरी वर धरते. धाकटे इकडे बघ. वाच. तू नको म्हणूस. यंत्रातल्या बाईनं विचारलंय, तू तोंड उघडू न