एकोणिसावं कलम आणि कच्चा बटाटा

तीर्थरूप मामांस,

भाचीचा नमस्कार, नेहमीपेक्षा जरा जास्त वाकून. तुमची पाठ कशी आहे? मामीचा गुडघा? मी ठणठणीत आहे, मान तेवढी सोमवारपासून खाली आहे.

जुने कायदे मोडीत काढणाऱ्या तुमच्या समितीसाठी मी यादी तपासून दिली होती. त्यातल्या एकोणिसाव्या कलमाला मी सर्वांदेखत हसले होते : ‘सार्वजनिक वाहनावर बंदूक, धनुष्य वा हवेच्या दाबाचे साधन नेम धरून झाडू नये, झाडल्यास दंड भरावा व चालकाची माफी मागावी.’ बग्ग्यांच्या काळातलं कलम, आजवर एकही खटला नाही, म्हणून मी शेरा मारला, ‘शक्यता शून्य’. (खाली दोन रेघाही ओढल्या.) तुम्ही एवढंच म्हणालात, "गिऱ्हाईक आलं नाही म्हणून दुकान मोडायचं नसतं गं."

सोमवारी आमच्या प्रयोगशाळेत मी कॉम्प्रेसरची झडप तपासत होते. नळीला बूच सापडेना, म्हणून कँटीनमधला कच्चा बटाटा ठोकून बसवला. (माप तंतोतंत जमलं याचा अभिमानही वाटला.) खिडकी उघडी होती. दाब वाढला, बटाटा सुटला, तो खाली वळणाऱ्या बसच्या खिडकीतून थेट एका आजींच्या मांडीवर. चालकाने करकचून ब्रेक दाबला, प्रवासी एकमेकांच्या अंगावर. कुणाला खरचटलंही नाही. आजी मात्र वर बघून ओरडल्या, "अगं, मारायचाच होता तर उकडून तरी मारायचास!" अख्खी बस हसली. मी टेबलाखाली होते.

फौजदार म्हणाले, "बाई, एकोणिसावं कलम आहे तोवर दंड भरून, माफी मागून भागेल. ते गेलं, की प्रवाशांचा जीव धोक्यात घातल्याचा गुन्हा." म्हणजे माझी नोकरी गेलीच. माझी सुनावणी पुढच्या आठवड्यात, तुमची बैठक शुक्रवारी.

हे आपलं तुमच्या कानावर असावं म्हणून लिहिलं. मागणं काही नाही.

तुमची भाची

ता. क. मागणं आहे. शुक्रवारी ते कलम वाचवा. माझा शेरा खोडा, रेघांसकट.

ता. क. आणखी एक. कलमात ‘नेम धरून’ असं आहे, तेव्हा अपघाताला ते लागू कसं, असं तुम्ही विचारालच. त्याची काळजी नको. चालती बस टिपणं माझ्या गणितात बसणार नाही, असं शेजारच्या टेबलावरचा ड्राफ्ट्समन म्हणाला होता. पहिला बटाटा हुकला. आजींकडे गेला तो दुसरा. चालकाची माफी मागताना हेही सांगणार आहे, पण आधी तुम्हाला.

गिऱ्हाईक आलंय, मामा. तुमच्याच मांडीवर खेळलेलं.