निळीच राहिलेली काच

डब्लिन, ३ फेब्रुवारी १९९४

प्रिय कॉलम,
सा. न. वि. वि.

सोबत कापसात गुंडाळून काचेची एक पट्टी पाठवते आहे. मॅमीला म्हणावं, तिचं शेंडेफळ विद्यापीठात नुसतं बाटल्या विसळत नव्हतं. वाळूतल्याच द्रव्याचं पातळ द्रावण करायचं, त्यात रंग कालवायचा आणि काच बुडवून अगदी सावकाश वर ओढायची. अंगावर राहिलेला थर आधी खळीसारखा धरतो, मग वाळून तोही काचच होतो. त्याला इतकी बारीक छिद्रं असतात की वायू आत शिरतो, रंग मात्र बाहेर पडत नाही. गोठ्याच्या फळ्यांखालची शेणाची टाकी घुसळताना तो विषारी वायू निघाला की निळी काच पिवळी पडेल.

डॅडींनी नाकावर विश्वास ठेवला. वायू फार झाला की नाकच मरतं, वास येईनासा होतो आणि माणसाला वाटतं हवा साफ झाली. वासरामागे गोठ्यात शिरले आणि जिवाला मुकले ते असेच. आता पुन्हा टाकी उपसायचे दिवस आले. काच काठीला बांधून आधी आत धर, मगच पाय टाक. माझं एवढं ऐक. मॅमीला जप, आणि माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
ब्रोना

कॅव्हन, ८ फेब्रुवारी

चि. ब्रोना हिस,
अ. आ. (मोठा आहे, तेवढा हक्क आहे.)

प्राध्यापकीणबाई, काच पोचली. वादळात पडलेल्या फोनच्या तारा अजून तशाच लोंबताहेत, म्हणून हा पत्रप्रपंच. टाकी पार फळ्यांना टेकली आहे, पण जमीन इतकी ओली की शेण पसरायला शेतात नेलेला ट्रॅक्टर रुतेल. तेव्हा घुसळणं पुढच्या आठवड्यातच.

काच गोठ्यात धरून पाहिली. निळीशार. मॅमी इतकी खूश की आज कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच ती माझ्या मागोमाग गोठ्याच्या दारापर्यंत आली नाही. पलीकडचा पॅकी मॅकगर्क चहाला आला होता, त्यालाही तिने कौतुकाने दाखवली. तो म्हणतो, आता दारं उघडून थंडीत कुडकुडायला नको, ब्रोनाची काच आहे. तुझ्या नावाने ब्राउन ब्रेडचा अर्धा पाव त्यानेच संपवला. जेवत जा. आमची आठवण असू दे.

तुझा,
कॉलम

डब्लिन, १२ फेब्रुवारी

प्रिय कॉलम,
नमस्कार. हे पत्र मिळताक्षणी काच फोडून टाक.

आज माझ्या टेबलावर अमोनियाची बाटली उघडी राहिली होती. थर लवकर धरावा म्हणून आम्ही तो वापरतो. त्याच हवेत मी तशाच दुसऱ्या काचेवर विषारी वायू सोडला. निळी ती निळीच. तो वायू आंबट गुणाचा, म्हणून रंग पिवळा होतो. अमोनिया नेमका उलट्या गुणाचा, तो रंग पालटू देत नाही. आणि अमोनिया म्हणजे काय ते तुला सांगायला नको. गाईंच्या मुताने आपल्या गोठ्यात डोळे चुरचुरतात, तोच. मी नळकांड्यातल्या शुद्ध वायूवर परीक्षा घेतली, आपल्या गोठ्याच्या हवेत घेतली नाही. मी गोठ्यात वाढलेली पोर, आणि मला हे सुचलं नाही.

फोन लागत नाही. जमीन ओली आहे म्हणालास, त्याच आशेवर बसले आहे. मला खूप भीती वाटते आहे, कॉलम. लगेच दोन ओळी पाठव, जीव टांगणीला लागलाय.

ब्रोना

कॅव्हन, १५ फेब्रुवारी

चि. ब्रोना,
अ. आ. मी बरा आहे, मॅमीही.

तुझं पत्र आलं तेव्हा काच घरात नव्हती. पॅकीची जमीन उतारावरची, आधी वाळते. सकाळीच तो ती मागून घेऊन गेला होता. शेजाऱ्याला नाही कसं म्हणायचं? मी बुटांचे बंद न बांधता धावलो. टाकी घुसळणारा ट्रॅक्टर सुरू होता, गोठ्याची दारं लावलेली, आणि पॅकी फटीतून काठी आत धरून उभा. काच निळी. एक गाय अडून बसली आहे, तिला हुसकून येतो, म्हणाला. मी त्याची बाही धरली आणि तुझं म्हणणं सांगितलं. तो हसला. म्हणाला, तुम्ही बहीणभाऊ अजब आहात, आधी काच देता, मग काढून घेता.

तेवढ्यात पलीकडची गाय गुडघ्यांवर आली आणि आडवी झाली. मग तिच्या शेजारची. आम्ही ट्रॅक्टर बंद केला, दारं ताणून उघडली आणि लांब जाऊन उभे राहिलो. आत जाता येईना. त्या पडत गेल्या आणि आम्ही बघत राहिलो. पॅकी लहान मुलासारखा रडत होता. काच शेवटपर्यंत निळी होती.

तो तुला बोल लावत नाही. मीही नाही. पण आमची टाकी आता फळ्यांच्या फटींतून वर येते आहे, शनिवारी घुसळावीच लागेल. गाई बाहेर काढीन, दारं उघडी ठेवीन, वारा बघीन.

शुक्रवारच्या बसने ये. नवीन काच करत बसू नकोस, तूच ये. डॅडी पडले तेव्हा मॅमी आत धावत सुटली होती. मी तिला दोन्ही हातांनी आवळून धरलं होतं. शनिवारी मी टाकीपाशी असेन, आणि तिला धरायला कुणी नाही.

वाट पाहतो,
कॉलम