कोरडा पाना

आबा, आज खंडेनवमी. इकडे दक्षिणेत तिला आयुधपूजा म्हणतात. शेजारच्या गॅरेजवाल्याने सकाळीच झेंडूच्या माळा आणल्या. मी टेबलावर वर्तमानपत्र पसरून तुम्ही दिलेला पाना ठेवला आहे. बाजूला तेलाची बाटली आहे. निवृत्त होऊनही मला बरीच वर्षं झाली, पण या पान्याबद्दल तुम्हाला जे सांगायचं होतं ते राहूनच गेलं.

जळगावला कापसातली सरकी काढणाऱ्या जिनात तुम्ही फिटर होता. शाळेला सुट्टी असली की मी तुमचा डबा घेऊन यायचो. तुम्ही शाफ्टखाली वाकून बेअरिंगला तेल देत असता, मी बुधली धरून उभा आहे, सगळीकडे कापसाचे तंतू उडताहेत. एकदा काम झाल्यावर मी शेजारच्या ढिगातून सरकी काढलेला पांढराशुभ्र कापूस मूठभर उचलायला गेलो. तुम्ही माझं मनगट इतकं जोरात धरलं की बोटांचे वळ उठले. "तेलना हात कापूसले लावानं नही. बठ्ठा जीन पेटी जाई." तेल लागलेला कापूस गाठीत आतल्या आत तापतो, हे तुम्ही मला जेवताना सांगितलंत. त्याआधी तुम्ही राखेने कोपरापर्यंत हात धुतले होते. तुम्ही रोजच धुवायचात.

पासष्टच्या लढाईत मी शाळेत होतो. वर्तमानपत्रातली विमानांची चित्रं कापून वहीत चिकटवायचो. पुढे विमानविद्येला प्रवेश मिळाला, मग इकडे विमानांच्या कारखान्यात नोकरी लागली. निघायच्या आदल्या दिवशी मी जिनात निरोप घ्यायला आलो तेव्हा गाठी बांधायच्या प्रेसवरच्या नानांनी तुम्हाला छेडलं. "काय आबा, तुन्हा पोऱ्या इमान लिसन कव्हय येई? मेहरूणना तलावमा उतारी का?" तुम्ही मान वर न करता म्हणालात, "आधी तुन्ह्या म्हशी बाहेर काढ. मंग उतारी." सगळे हसले. मग तुम्ही तुमच्या पेटीतून हा पाना काढलात, तेलात भिजवलेल्या फडक्यात गुंडाळलात आणि माझ्या हातात दिलात. "हत्यार कोरडं ठेवू नको. बाकीनं तुले समजस."

माझ्या वाट्याला जे काम आलं ते वैमानिकाला श्वासासाठी लागणाऱ्या ऑक्सिजनच्या नळ्यांचं. फार उंचीवर हवा पुरत नाही, म्हणून विमानात ऑक्सिजन दाबाने भरून नेतात. त्या नळीत तेलाचा एक थेंब राहिला, तरी ठिणगी नसतानाही ती पेटू शकते. बोटाचा तेलकट ठसासुद्धा चालत नाही. मी पाना घेऊन गेलो तेव्हा आमच्या साहेबांनी तो लांबूनच पाहिला आणि म्हणाले, "आधी धुऊन आणा." मी तो धुतला. तुमचं फडकं टाकून दिलं. वास जाईपर्यंत तीन वेळा धुतला आणि मग वापरायला घेतला. तेलाशिवाय लोखंड पावसाळ्यात टिकत नाही. दसऱ्याला घरी आलो तेव्हा तो तांबूस झाला होता.

खंडेनवमीच्या पूजेसाठी तुम्ही पाटावर हत्यारं मांडत होता. "तुन्हा पाना लई ये," म्हणालात. मी बॅगेतून काढून दिला. तुम्ही तो उजेडात धरलात, अंगठा फिरवलात.

"याले तेल दिधं नही का रे?"

"राहिलं," मी म्हणालो.

"राहिलं?"

माय चुलीपाशी होती. ती म्हणाली, "सणना दिन शे, जाऊ द्या ना." तुम्ही पूजा तशीच ठेवून दुपारभर ओट्यावर बसलात, विटकरीच्या पुडीने गंज घासलात, तेल लावलंत आणि नव्या फडक्यात बांधून पाना माझ्या बॅगेत ठेवलात. त्या दिवशी पाटावर बाकीची हत्यारं होती, हा नव्हता.

परत आल्यावर तो पुन्हा धुवायला मी बादली घेतली होती. धुतला नाही. ट्रंकेत ठेवला आणि कारखान्यातल्या पान्यांनी काम करत राहिलो. तुम्ही पोस्टमनकडून पत्र लिहवून घेतलंत, त्यात पान्याची चौकशी होती. मी कळवलं, रोज वापरतो, तेल देतो. पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही गेल्याची तार आली. दोन गाड्या बदलून पोचलो तोवर सगळं उरकलं होतं. माय म्हणाली, तुम्ही जिनात सगळ्यांना सांगायचात की तुमच्या पान्याने विमानं जोडतात. मी हो म्हणालो. मला रडू आलं नाही. भुसावळला गाडी बदलताना चहा प्यायलो, तो गरम होता, एवढं आठवतं.

तेव्हा मी स्वतःची समजूत घातली होती की कारखान्यातलं काही बाहेर सांगायचं नसतं. पण यात गुपित काही नव्हतं. जन्मभर तेलात हात असलेल्या माणसाला तुमचं तेल तिथे चालत नाही, हे सांगायचं माझ्या जिवावर आलं. शिवाय मला वाटलं, तुम्हाला कळणार नाही. खूप वर्षांनी एका नव्या मुलीला काम शिकवताना माझ्या तोंडून आपोआप निघालं, "तेलाचा हात इथे लावायचा नाही, सगळं पेटेल." ती कामाला लागली. वाक्य तुमचं होतं, जिनातलं. तुम्हाला एवढंच सांगायचं होतं, आबा, की तिथला ऑक्सिजन म्हणजे आपला कापूस. पाना धुवायला तुम्ही स्वतः राख आणून दिली असती.

पान्यावर तुम्ही लावलेलं तेल वाळून त्याचा पिवळा थर झाला आहे. त्याखाली गंज नाही. बाटली उघडली होती, तुमचाच थर राहू दे म्हणून परत बंद केली. खरं सांगायचं तर दर खंडेनवमीला एवढंच करतो.