खांदा कुणी चोळायचा

तामलवाडी, १८ मार्च १९७३

प्रिय बनाच्या बाबांना,

सप्रेम जय भीम. तुमचं पत्र पोचलं. चार पानं! मागच्या उन्हाळ्यात सोसायटीच्या गोदामात पोत्यांची थप्पी पाठीवर कोसळून तुमचे पाय गेले, तेव्हापासून तुम्ही एवढं कधी बोलला नव्हता. पुण्याच्या दवाखान्यात मिळालेली चाकाची खुर्ची आपल्या हातानं ढकलत अंगणापर्यंत गेलात, हे वाचून मी बनाला उचलूनच घेतलं.

पण चार पानांत व्यायाम शिकवणाऱ्या त्या बाई सतरा वेळा आल्या. मी मोजलं. बाई म्हणाल्या, मनगटानं हिसके देऊ नका, हात मागं नेऊन चाक धरा, लांब ढकला. बाई म्हणाल्या, ढकलताना छाती आणि खांद्याचा पुढचा स्नायू राबतो, मागचा तसाच दुबळा राहतो, म्हणून खांदा धरतो. आणि कुठं दुखतं ते बाईंनी बोटानं दाबून बरोबर ओळखलं म्हणे! अहो, बारा वर्षं पोती वाहून दुखणारा तो खांदा मी करडईचं तेल लावून चोळलाय. मला कुणी विचारलं का?

इथं आड आटलाय. मी दुष्काळी कामावर खडी फोडते. परवा हातोडा जरा जोरातच पडत होता. शेजारची विठाबाई म्हणाली, "केशर, त्या दगडानं काय केलंय तुझं?" सांगितलं तर लई हसली. घरी येऊन मी पाटावर बसले, खुर्ची ढकलल्यागत हात मागं-पुढं केले आणि बनाला पाठीवर हात ठेवायला लावला. "आई, हात मागं नेला की खांद्यामागचे खवाटे जवळ येतेत, पुढं ढकलला की पाठ ढिलीच," ती म्हणाली. म्हणजे बाईंचं खरंच होतं. त्याचा तर आणखीच राग आला.

आता खरं लिहिते. महिन्यापूर्वी त्या बाईंचं मलाही पत्र आलं होतं. मालीश आणि मागच्या स्नायूंचा व्यायाम घरच्या माणसानं शिकावा, पंधरा दिवस या, खांदा गेला तर खुर्चीही सुटेल, असं लिहिलं होतं. माझ्याच माणसाचा खांदा मला शिकवणारी ही कोण, म्हणून ते मी चुलीत घातलं. तुम्ही वाट बघत राहिलात आणि खांदा दुखत राहिला, तो माझ्यापायी. काय बोलायचं ते बोला. बनाला विठाबाईकडं ठेवून पुढच्या सोमवारच्या गाडीनं निघते. बाईंना सांगा, केशर शिकायला येतेय. आणि शिकून झालं की त्यांनी खांद्याला हात लावायचा न्हाय, हेही सांगा.

तुमचीच,
केशर